लाइट जरा खाली घे

आमच्या स्टुडिओत म्हातारं माणूस खुर्चीवर येऊन बसलं की आबा आधी कॅमेऱ्याकडे जायचेच नाहीत. ते दिव्याकडे जायचे. स्टँडचा स्क्रू सैल करायचे, दांडा हळूहळू खाली आणायचे आणि मला म्हणायचे, "बघ, आता बघ." मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. मला काही कळायचं नाही. मग ते दिवा पुन्हा वर न्यायचे, आणि मग मात्र कळायचं. समोरच्या आजोबांच्या भुवयांची सावली डोळ्यांत उतरायची, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसायचे, नाकाखाली न ठेवलेली मिशी उगवायची आणि गालावरची एकेक सुरकुती नांगर फिरवल्यासारखी खोल व्हायची. दिवा खाली आला की तेच आजोबा पुन्हा आजोबा दिसायचे.

"म्हाताऱ्या माणसाला वरून उजेड मारायचा नसतो. लाइट जरा खाली घ्यायचा," असं आबा सांगायचे. त्यांना हे कुणी शिकवलं ते मी कधी विचारलं नाही. मिरजेच्या त्या दहा बाय वीसच्या खोलीत त्यांनी चाळीस वर्षं माणसांचे चेहरे पाहिले होते, त्यामुळे त्यांचं ते त्यांनाच सापडलं असणार असं मी धरून चालले होते.

लॉकडाऊनमध्ये शटर खाली होतं तेव्हा मी रोज दुपारी जुन्या व्यक्तिचित्रकारांची चित्रं कॉम्प्युटरवर मोठी करून बघत बसायचे. उजेड कुठून आलाय, सावली किती मऊ आहे, हे बघायचा मला नादच आहे. व्हॅन डाइक हा त्यातला माझा आवडता. त्याची चित्रं शोधताना त्याच्या इटलीतल्या प्रवासवहीचं एक पान समोर आलं. ती वही आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पानावर पेननं काढलेलं एका म्हाताऱ्या बाईचं छोटं रेखाटन आहे. तिनं डोक्यावरून वस्त्र घेतलंय, आपल्याकडे डोईवर पदर घेतात तसं. भोवती इटालियनमध्ये भराभर लिहिलेला मजकूर, तारीख १२ जुलै १६२४, गाव पालेर्मो, सिसिली. त्या मजकुराचा अर्थ वाचला आणि मी खुर्चीत सरसावून बसले. पंचवीस वर्षांचा व्हॅन डाइक लिहितो की मी तिचं चित्र काढत असताना तिनं मला सूचना केल्या : उजेड फार उंचावरून घेऊ नकोस, नाहीतर म्हातारपणाच्या सुरकुत्यांमधल्या सावल्या फार गडद होतील.

माझे आबाच बोलत होते. चारशे वर्षांपूर्वी, सिसिलीत, एका नव्वदी ओलांडलेल्या बाईच्या तोंडून.

त्या बाईचं नाव सोफोनिस्बा आंग्विसोला. तेव्हापासून ही बाई माझ्या मनातून गेलेली नाही. तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि जमेल तेवढी तिची चित्रं मोठी करून पाहिली. आज तिच्याविषयी सविस्तर लिहायचं आहे.

ती जन्मली १५३२ च्या सुमाराला, उत्तर इटलीतल्या क्रेमोनात. घर खानदानी, पण पैसा बेताचा. त्यात सहा मुली आणि एक मुलगा. वडील अमिल्कारे, मुलगा आस्द्रुबाले, थोरली सोफोनिस्बा. ही सगळी नावं उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या कार्थेज राज्याच्या इतिहासातली आहेत, त्या घराण्याला त्याचा मोठा अभिमान होता. सहा मुलींचा हुंडा कुठून आणायचा ही विवंचना त्या बापाला असणारच. पण त्यानं एक वेगळी गोष्ट केली. मुलींना लॅटिन शिकवलं, संगीत शिकवलं, आणि १५४६ च्या सुमाराला सोफोनिस्बा आणि तिच्या पाठची एलेना यांना बेर्नार्दिनो काम्पी या चित्रकाराच्या घरी शिकायला ठेवलं. चित्रकाराच्या मुली बापाच्या हाताखाली रंग घोटायला शिकत, ती रीत जुनी होती. घरंदाज मुली मात्र परक्या चित्रकाराकडे शिकायला गेल्या, हे क्रेमोनात नवीन होतं. माझ्या आबांनी मला डार्करूममध्ये घेतलं तेव्हा आमच्या गल्लीत काय काय बोललं गेलं ते मला माहीत आहे, म्हणून अमिल्कारे या माणसाबद्दल मला फार वाटतं.

एलेना पुढे जोगीण होऊन मठात गेली. सोफोनिस्बा शिकत राहिली, आणि शिकलेलं धाकट्या बहिणींना शिकवत राहिली.

आता तिच्यापुढची अडचण बघा. त्या काळात मोठा चित्रकार व्हायचं तर धार्मिक आणि ऐतिहासिक प्रसंगांची भव्य चित्रं काढायला हवीत. त्यासाठी मानवी शरीराचा अभ्यास हवा, म्हणजे समोर उघडं मॉडेल हवं. बाईला ती मुभाच नव्हती. मग उरलं काय? चेहरे. आणि चेहरे कुणाचे, तर घरातल्यांचे. बाप, बहिणी, भाऊ, दासी, आणि आरशातली ती स्वतः.

चेहऱ्यांचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, घरची माणसं सगळ्यात अवघड. परका माणूस कॅमेऱ्यासमोर आला की पोज देतो, हनुवटी वर करतो, श्वास धरतो. बहीण तसं करत नाही. ती हसते, हलते, "झालं का गं?" म्हणून वैताग आणते. सोफोनिस्बानं नेमकं तेच चित्रात धरलं.

१५५५ सालचं तिचं बुद्धिबळाचं चित्र आहे, आता ते पोलंडमधल्या पोझनानच्या संग्रहालयात असतं. मी ते मोठ्या पडद्यावर तुकड्या-तुकड्यानं पाहिलं. तीन बहिणी बागेत झाडाखाली बसल्या आहेत, मेजावर नक्षीदार गालिचा, त्यावर पट. डावीकडे लुचिया, तिचा हात पटावर आणि नजर थेट आपल्याकडे, म्हणजे चित्र काढणाऱ्या थोरल्या बहिणीकडे. "पाहिलंस ना, जिंकले की नाही?" अशी ती नजर आहे. उजवीकडे मिनेर्वा. तिचा हात अर्धवट उचललेला, ओठ जरासे विलग, आता काहीतरी तक्रार करणार. दोघींच्या मध्ये सगळ्यात लहान युरोपा, आणि ती चक्क दात दाखवून हसते आहे, हरणाऱ्या बहिणीकडे बघून. खोडकर, मनापासूनचं हसू. त्या काळच्या व्यक्तिचित्रांत दात दाखवून सहसा कोणी हसत नाही. मोत्यांच्या माळा आणि भरजरी बाह्या घातलेल्या मुली तर नाहीच. उजव्या कडेला एक वयस्क दासी वाकून बघते आहे. मी सगळ्यात जास्त वेळ तिच्या चेहऱ्यावर थांबले. डोक्यावर साधं पांढरं वस्त्र, गालावर सुरकुत्या, आणि उजेड मऊ. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीनं म्हाताऱ्या गालावर एकही सावली उगीच खोल केलेली नाही.

पटाच्या कडेवर तिनं लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की अमिल्कारेची मुलगी सोफोनिस्बा हिनं आपल्या तीन बहिणींना आणि दासीला प्रत्यक्ष समोर बघून रंगवलं. दासीचीही नोंद केली, हे मला फार आवडतं. हे चित्र त्या काळी चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीनं क्रेमोनाच्या घरी पाहिलं, आणि त्यानं लिहिलं की ही माणसं जिवंत आहेत, बोलायचंच काय ते बाकी आहे.

दुसरी गोष्ट मायकेलअँजेलोची. सोफोनिस्बानं हसणाऱ्या मुलीचं एक रेखाटन केलं होतं. ते त्या थोर म्हाताऱ्यानं पाहिलं, आणि रडणारं पोर काढणं याहून अवघड आहे असं म्हटलं. मग तिनं काय केलं असेल? धाकट्या भावाचं चित्र काढून धाडलं. त्यानं टोपलीत हात घातलाय आणि कोळंबीसारख्या प्राण्यानं त्याचं बोट पकडलंय. तोंड वाकडं, भुवया वर चढलेल्या, हात झटकलेला. शेजारची मुलगी मात्र त्याच्याकडे बघून हसू दाबते आहे. मागितलं होतं रडू, तिनं रडू आणि हसू दोन्ही एका कागदावर पाठवलं. ते रेखाटन आज नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात आहे. बापानं १५५७ आणि १५५८ मध्ये मायकेलअँजेलोला लिहिलेली पत्रंही जपली गेली आहेत. पोरीसाठी तो खरंच कुठे कुठे शब्द टाकत होता.

तिनं स्वतःचीच काढलेली चित्रंही खूप. बॉस्टनमध्ये एक आहे, तळहातावर मावेल एवढं. आरशात बघून स्वतःच्या हातानं रंगवलं, असं त्याच्या कडेनं लिहिलंय. पोलंडमधल्याच लांत्सुतच्या किल्ल्यातलं दुसरं. त्यात ती ईझलसमोर, म्हणजे चित्र ठेवायच्या घोडीसमोर, बसली आहे, काळा साधा पोशाख, केस घट्ट मागे. ईझलवर माता आणि बाळाचं चित्र अर्धं झालेलं. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मनगट टेकवायची काठी. बारीक काम करताना हात हलू नये म्हणून चित्रकार ती काठी वापरत. हा हात लक्षात ठेवा, त्याच्याबद्दल पुन्हा सांगायचं आहे. ही चित्रं भेटी म्हणून, ओळख म्हणून, दरबारोदरबारी फिरली. ती स्वतः क्रेमोनातून हलायच्या आधी तिचा चेहरा फिरायला लागला होता.

आणि मग ती स्वतः निघाली. मिलानमध्ये तिनं आल्बाच्या ड्यूकचं, म्हणजे स्पेनच्या एका बड्या सरदाराचं, चित्र केलं, तिचं नाव स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या कानावर गेलं. १५५९ मध्ये त्याचं तिसरं लग्न ठरलं होतं, फ्रान्सच्या इसाबेलशी. नवरी चौदा-पंधरा वर्षांची, तिला चित्रकलेची हौस. तिच्या सोबतीला म्हणून सोफोनिस्बाला बोलावणं आलं. सत्ताविशीची अविवाहित मुलगी आई-बाप, बहिणी, भाषा, सगळं मागे ठेवून स्पेनच्या दरबारात गेली. जवळजवळ चौदा वर्षं तिथे राहिली.

पण तिचं पद होतं राणीच्या सोबतीच्या मानकरी बाईचं, दरबारी चित्रकाराचं नाही. खानदानी बाईनं चित्र विकायचं नाही, मजुरी घ्यायची नाही. तिला पगार मिळे तो सोबतीचा, वडिलांच्या नावे पेन्शन मिळे, आणि चित्रांबद्दल मिळे भरजरी कापड, नाहीतर दागिना. ती राणीला चित्रकला शिकवायची, राजघराण्यातल्यांची चित्रं करायची. पोप पायस चौथा याला राणीचं चित्र हवं होतं, १५६१ साली तिनं तेही करून रोमला पाठवलं. आणि स्पेनमधल्या या चित्रांवर तिची सही नाही.

क्रेमोनात पटाच्या कडेवर, छोट्या चित्राच्या कडेवर, जागा मिळेल तिथे स्वतःचं नाव लिहिणारी ही मुलगी. स्पेनमध्ये तिचं नाव गेलं.

याचा परिणाम चारशे वर्षं टिकला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात फिलिपचं एक प्रसिद्ध चित्र आहे. काळी टोपी, काळा पोशाख, छातीवर बारीकसं सोन्याचं मेंढरू, हातात जपमाळ. तिनं ते १५६५ मध्ये केलं, १५७३ मध्ये त्यात बदल केले. पण विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते अलोन्सो सांचेझ कोएयो या दरबारी चित्रकाराचं म्हणून ओळखलं जायचं. हातात नवऱ्याचं लघुचित्र धरलेल्या राणी इसाबेलचं चित्रही असंच दुसऱ्यांच्या नावावर होतं. त्यात १६०४ साली माद्रिदजवळच्या एल पार्दोच्या राजवाड्याला आग लागली आणि तिथल्या दालनातली राजघराण्याची कितीतरी व्यक्तिचित्रं जळाली. जे उरलं ते दुसऱ्याच्या नावावर, आणि बाकीच्याची राख.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचं कारण माझ्या आयुष्यातलं आहे.

१९९६-९७ च्या सुमारास आमचं काम मंदावलं होतं. मी शेजारच्या शहरातल्या एका स्टुडिओसाठी लग्नाचे फोटो काढायला जायचे. मला बोलवायचं कारण सरळ होतं, हळदीच्या वेळी, नवरी आवरत असताना, बायकांच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला जाता येत नसे. एका लग्नात पाठवणीच्या आधी मागच्या खोलीत नवरी तिच्या आजीच्या कुशीत शिरली होती. आजीनं तिच्या मुंडावळ्या सावरत तिच्या केसांत बोटं घातली, आणि मी खिडकीच्या उजेडात तो फोटो घेतला. फ्लॅश लावला नाही. तो फोटो त्या स्टुडिओच्या शोकेसमध्ये काही वर्षं मोठा करून लावलेला होता. खाली नाव त्यांचं. मी दोनदा विचारलं, दोनदा मला सांगितलं की काम स्टुडिओचं असतं. नंतर ते दुकान बदललं, फोटो कुठे गेला ठाऊक नाही, निगेटिव्ह माझ्याकडे नाही. पण तो उजेड मी कुठेही ओळखेन.

प्रादोच्या त्या इसाबेलच्या चेहऱ्याकडे बघताना मला तेच वाटतं. राणीच्या आतल्या महालात, जिथे दरबारी पुरुषाचं काम नाही, तिथे वर्षानुवर्षं जवळ बसलेल्या बाईनं तो चेहरा पाहिलाय. तो राणीचा चेहरा आहेच, पण माहितीतल्या मुलीचाही आहे.

इसाबेल १५६८ च्या ऑक्टोबरमध्ये बाळंतपणात गेली, जेमतेम विशी ओलांडलेली. मागे दोन मुली. इसाबेल क्लारा एउहेनिया दोन वर्षांची, कातालिना मिकाएला तर वर्षाची. सोफोनिस्बा त्या पोरींसाठी दरबारातच राहिली.

पुढे राजानंच तिचं लग्न जमवलं, हुंडाही दिला. १५७३ मध्ये फाब्रित्सिओ मोंकादा या सिसिलीतल्या सरदाराशी. ती गेली एटना ज्वालामुखीच्या पायथ्याच्या पातेर्नो गावी. पाच वर्षांत नवरा समुद्रात बुडून गेला, काप्री बेटाजवळ. तिनं पातेर्नोत एक मोठं मारियामातेचं चित्र दान केलं आणि १५७९ मध्ये माहेरी क्रेमोनाला जायला जहाजात बसली.

आता पुढची गोष्ट वाचून मी एकटीच खुदकन हसले होते. त्या जहाजाचा कप्तान होता जेनोआचा ओरात्सिओ लोमेल्लिनी, तिच्याहून वयानं लहान. ती माहेरी पोचलीच नाही. वाटेत पिसामध्ये दोघांनी लग्न केलं. तिचं वय सत्तेचाळीसच्या आसपास. भावाला पटलं नाही. टस्कनीचा ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्को मेदिची यानं असं काही करू नये म्हणून पत्र धाडलं. तिनं उत्तर दिलं ते असं, की पत्र पोचायला उशीर झाला, लग्नं आधी स्वर्गात होतात, मग पृथ्वीवर. आपल्या आज्या म्हणतात, लग्नाच्या गाठी वरतीच बांधलेल्या असतात. एका ग्रँड ड्यूकला हे वाक्य ऐकवणारी बाई मला फार जवळची वाटते. आधीचं लग्न राजानं लावलं होतं, हे तिनं स्वतः केलं.

त्यानंतर जेनोआत पस्तीस वर्षं. तिथे ती चित्रं काढत राहिली, तरुण चित्रकार तिला भेटायला येत राहिले. १५९९ साली इसाबेल क्लारा एउहेनिया, आई गेली तेव्हा दोन वर्षांची असलेली ती पोर, नवऱ्याबरोबर फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमकडे, राज्य करायला जाताना जेनोआत उतरली. आता बत्तीस वर्षांची राजकन्या. सोफोनिस्बानं तिचं चित्र केलं. जिला कडेवर घेतलं असेल तिला खुर्चीवर बसवून, हनुवटी जरा वर कर, असं सांगताना तिला काय वाटलं असेल, मी किती वेळा मनात आणलं. आमच्याकडे बारशाला आलेली मुलगी पत्रिकेसोबतच्या फोटोसाठी येते तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हलतं, तसंच काहीतरी असणार.

१६१५ मध्ये नवरा-बायको पालेर्मोला गेले. ती तेव्हा ऐंशी पार केलेली. क्रेमोना, मिलान, माद्रिद, पातेर्नो, पिसा, जेनोआ, पालेर्मो. घोड्यावर, गाडीत आणि शिडाच्या जहाजात. बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या बोलावण्यावर, दुसऱ्याच्या मर्जीनं. प्रत्येक गावी खिडकी वेगळी, उजेड वेगळा. माणसं ओळखायची ती मात्र तशीच, समोर बसवून.

१६२४ च्या वसंतात व्हॅन डाइक पालेर्मोत आला. त्याला सिसिलीचा व्हाइसरॉय एमानुएले फिलिबेर्तो यानं स्वतःचं चित्र काढायला बोलावलं होतं. हा व्हाइसरॉय कोण? कातालिना मिकाएलाचा मुलगा. म्हणजे आई गेली तेव्हा वर्षाची असलेली ती दुसरी पोर, तिचा लेक. त्या म्हातारीच्या गावावर तिनं सांभाळलेल्या मुलीचा मुलगा राज्य करत होता. त्याच उन्हाळ्यात शहरात प्लेग शिरला. ऑगस्टच्या सुरुवातीला तो व्हाइसरॉयही त्यात गेला. आणि त्याच्या तीन आठवडे आधी, १२ जुलैला, प्लेगच्या शहरात, व्हॅन डाइक तिच्या घरी जाऊन बसला होता.

त्यानं तिचं वय शहाण्णव लिहिलंय, खरं म्हणजे ब्याण्णवच्या आसपास असावं. तो लिहितो, तिची स्मृती आणि बुद्धी एकदम तल्लख. बोलणं अगत्याचं. म्हातारपणानं नजर गेलेली. तरी तिच्यापुढे चित्रं ठेवली की ती नाक चित्राला लावून, कष्टानं थोडंफार ओळखायची, आणि त्यात तिला आनंद व्हायचा. हात अजून स्थिर, जराही कापत नाही. लांत्सुतच्या चित्रातला तो काठीवर टेकलेला हात, सत्तर वर्षांनंतर. आणि तिचं सगळ्यात मोठं दुःख हे, की डोळे गेल्यामुळे चित्र काढता येत नाही.

तो तिला निसर्गदत्त आणि चमत्कारासारखी चित्रकार म्हणतो. तिच्या हयातीत बऱ्याच जणांनी तिला चमत्कारच म्हटलं. मला तो शब्द आवडत नाही. त्यानं मान दिल्यासारखं वाटतं आणि मेहनत पुसली जाते. सुरकुत्यांवर उजेड कुठून घ्यायचा हे कुणाला आकाशातून कळत नाही. हजार वेळा खुर्ची खिडकीपासून हलवून, दासीच्या, बापाच्या, राजाच्या गालावरची सावली बघून ते कळतं. डोळे गेल्यावरही ते तिला ठाऊक होतं. समोरच्या पोराचा ब्रश दिसत नसेल, पण खिडकीचा उजेड कपाळावर कुठून येतोय हे तिच्या कातडीला कळत असणार. आबांचा मोतीबिंदू पिकला होता तेव्हा तेही खुर्चीवर बसून म्हणायचे, "दिवा वर राहिलाय गं." गरम लागायचा ना तो कपाळाला.

व्हॅन डाइकनं ऐकलं. त्यानं रंगवलेलं तिचं चित्र इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या नोल इथे आहे. मी ते मोठं करून पाहिलं. डोळ्यांभोवतीच्या सावल्या मऊ आहेत.

ती १६२५ च्या नोव्हेंबरमध्ये गेली. पालेर्मोमधल्या जेनोआकरांच्या सान जोर्जो चर्चमध्ये तिला पुरलं. ओरात्सिओनं १६३२ मध्ये, तिची शंभर वर्षं भरली असती त्या सुमाराला, तिच्या थडग्यावर शिळा बसवली. माणसांच्या प्रतिमा टिपण्यात ती किती थोर होती हे त्यानं कोरून ठेवलंय. नावासकट.

गेल्या आठवड्यात एक आजी आल्या होत्या, नातवाच्या गाडीवर बसून, म्हैसाळकडच्या. नातू म्हणाला, "भिंतीवर लावायला एक चांगला पायजे." कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडे बरेच जण यासाठी येतात, आणि सगळे असंच अर्धवट बोलतात. आजींनीच मोकळेपणानं सांगितलं, "आत्ताच काढून ठेवलेला बरा, मागनं पोरं आधारकार्डावरचा मोठा करत्यात."

नऊवारी, कपाळावर गोंदण, कानात बुगड्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी दिव्याची पेटी, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आणला, मांडीवर पांढरा थर्माकोलचा तुकडा ठेवला, म्हणजे हनुवटीखालचा अंधार उजळतो. चार फोटो घेतले. एक प्रिंट तिथेच काढून हातात दिली. त्यांच्या एका डोळ्यात पडदा आलाय. त्यांनी प्रिंट नाकाजवळ नेली, अगदी नाक टेकेपर्यंत, आणि बराच वेळ इकडून तिकडे फिरवत राहिल्या. मी काही बोलले नाही. नातू मोबाईल बघत होता.

"बुगडी दिसत न्हाई डावीकडची," आजी म्हणाल्या. "पदराखाली गेली. परत काढ."

त्यांनी पदर मागे सारला, बुगडी बोटानं चाचपून पुढे घेतली आणि ताठ बसल्या. मी स्टँडचा स्क्रू सैल केला आणि लाइट आणखी चार बोटं खाली घेतला.